कोण येणार, कोण थांबणार : अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘ब्लिट्झ’चा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यापासून एक प्रश्न सारखा विचारला जातोय. दर्शनशास्त्र शिकवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचा आणि अमेरिकन फुटबॉलचा संबंध काय? संबंध आहे. ज्ञान कसं होतं याचा विचार आम्ही दर्शनशास्त्राची मंडळी करतो. चुकीचं ज्ञान कसं होतं, याचा तर जरा जास्तच करतो. समोरच्याचं ज्ञान मुद्दाम, ठरवून, काही सेकंदांत कसं चुकवायचं, याचा पद्धतशीर अभ्यास साठ-सत्तर वर्षं एका खेळात चालू आहे. त्या अभ्यासाचं नाव ब्लिट्झ. आज त्याचा इतिहास बघू, आणि त्यातून आपल्या हाती काय लागतं तेही बघू.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं अमेरिकेत आहेत. तिकडे गेल्यावर रविवारी दुपारी टीव्हीवर हा खेळ दिसतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत आपण ठरवून टाकतो की ही नुसती धक्काबुक्की आहे. तेव्हा आधी चार गोष्टी समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्या ताब्यात तो आक्रमक संघ. त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेला, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. मधोमध पाच धिप्पाड गडी ओळीने वाकून उभे असतात. त्यांतला मधला, त्याला सेंटर म्हणतात, पायांमधून चेंडू मागे देतो. हा झाला स्नॅप. चेंडू घेणारा तो क्वार्टरबॅक. तो चेंडू दुसऱ्याच्या हाती देऊन पळायला लावतो, किंवा पुढे लांब फेकतो. फेकलेला चेंडू झेलायचा हक्क ओळीतल्या त्या पाच जणांना साधारणपणे नसतो. त्यांचं काम एकच, क्वार्टरबॅकला वाचवणं. उरलेले पाच जण झेलू शकतात.

समोर बचाव करणारे अकरा. पुढे तीन-चार भारी गडी, त्यांच्या मागे लाइनबॅकर, आणि सगळ्यांत मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी. नेहमीच्या पद्धतीत पुढचे चार क्वार्टरबॅकवर धावून जातात आणि मागचे सात झेलणाऱ्यांवर नजर ठेवतात.

आता हिशोब करा. चार जण धावले तर मागे सात उरतात आणि झेलणारे जास्तीत जास्त पाच. म्हणजे दोन माणसं वरकड. पाच धावले तर मागे सहा. सहा धावले तर मागे पाच, म्हणजे एकास एक. कुणाचा पाय घसरला तर सावरायला माणूस नाही. सात-आठ धावले तर कुणीतरी मोकळा राहणारच. नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त माणसं धाडणं, किंवा मागच्या फळीतल्या लाइनबॅकरला, सेफ्टीला अचानक पुढे सोडणं, याला ब्लिट्झ म्हणतात. म्हणजे ब्लिट्झ ही उधारी आहे. पुढे एक माणूस वाढवला की मागे एक कमी होतो. समोरच्याने फायदा घ्यायच्या आत तुम्ही त्याच्यापर्यंत पोचलात तर उधारी माफ. नाही पोचलात तर व्याजासकट फेडावी लागते.

आपल्याकडे लगेच गनिमी कावा आठवतो. पण इथे जरा थांबू. गनिमी काव्यात थोडे लोक मोठ्या फौजेशी उघड्या मैदानाची लढाई टाळतात. डोंगर, रात्र, पाऊस यांचा आसरा घेतात. इथे मैदान उघडं आहे, दिवे लखलखीत आहेत, माणसं दोन्हीकडे मोजून अकरा आहेत आणि सगळी दिसतायत. लपायला झुडूप नाही. मग एवढ्या उजेडात फसवायचं कसं? आजच्या विषयाची खरी गंमत या प्रश्नात आहे.

आधी शब्दाबद्दल. ब्लिट्झ म्हणजे जर्मन भाषेत वीज. दुसऱ्या महायुद्धात ‘ब्लिट्झक्रीग’ हा शब्द जगभर झाला, आणि युद्ध संपल्यावर खेळाच्या भाषेत आला. त्याआधी या चालीला ‘रेड डॉग’ म्हणत. त्याची गोष्ट अशी सांगतात, की १९४०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क जायंट्स संघात डॉन एटिंगर नावाचा लाइनबॅकर होता. केस तांबडे, म्हणून टोपणनाव ‘रेड’. हा आपली जागा सोडून क्वार्टरबॅकच्या मागे लागायचा, शिकारी कुत्रा लागतो तसा. त्यावरून रेड डॉग. पुढे काही काळ लाइनबॅकर धावला तर रेड डॉग आणि मागच्या फळीतला धावला तर ब्लिट्झ, असा भेदही काही जण करत. आज सगळ्यालाच ब्लिट्झ म्हणतात.

लाइनबॅकरने धावणं हे तरी समजू शकतं, तो जवळच उभा असतो. पण सेफ्टी? तो सगळ्यांत मागे, घराच्या शेवटच्या दारावर उभा केलेला राखणदार. त्यालाच चोरावर सोडायचं, हा विचार १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सेंट लुईस कार्डिनल्स संघात रुजला. चक ड्रुलिस हे बचावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी या चालीला सांकेतिक नाव ठेवलं ‘वाइल्डकॅट’, रानमांजर. ती करायला त्यांना मिळाला लॅरी विल्सन, १९६० साली संघात आलेला, अंगाने बेताचा आणि हिमतीने अफाट. एका सामन्यात दोन्ही हातांना प्लास्टर असताना याने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मध्येच पकडला होता. असा माणूस मागून सुसाट निघाला की ओळीतल्या पाच पहिलवानांना तो दिसतच नसे. ते समोरच्या चौघांत गुंतलेले असत. सेफ्टी येऊ शकतो ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नव्हती.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. पहिल्या काळातला ब्लिट्झ यशस्वी झाला तो समोरच्याच्या कल्पनेत ती शक्यताच नव्हती म्हणून. असं यश एकदा मिळतं, फार तर एक हंगाम. मग सगळ्यांना कळतं की सेफ्टीही येतो, आणि नवलाई संपते.

तसंच झालं. आक्रमक संघांनी उत्तर शोधलं, आणि ते फार तर्कशुद्ध होतं. त्यांनी म्हटलं, माणूस पुढे आला म्हणजे त्याची मागची जागा रिकामी झाली. मग चेंडू त्याच जागेत टाका. लाइनबॅकर धावलेला दिसला की एका ठरलेल्या खेळाडूने आपली नेहमीची वाट सोडून त्याच्या रिकाम्या जागेत वळायचं, आणि क्वार्टरबॅकने विचार न करता चेंडू तिथे फेकायचा. याला तिकडे ‘हॉट’ म्हणतात. येणारा माणूसच पत्ता सांगतो: मी इथून आलो, तिथे आता कुणी नाही.

ही विद्या ज्याने कळसाला नेली तो बिल वॉल्श. १९६८ ते १९७५ तो सिनसिनाटी बेंगल्स संघात सहायक प्रशिक्षक होता. १९६९ साली तिथे ग्रेग कुक नावाचा तोफेसारखा हात असलेला तरुण क्वार्टरबॅक आला, आणि पहिल्याच हंगामात त्याचा खांदा दुखावला. त्याच्या जागी आलेला व्हर्जिल कार्टर हुशार होता, अचूक होता, पण हातात ताकद बेताची. तेव्हा वॉल्शने पद्धतच बदलली. लांब फेकायचंच नाही. छोटे, झटपट, आधीच वेळ ठरवलेले पास द्यायचे. क्वार्टरबॅक तीन किंवा पाच पावलं मागे गेला की चेंडू हातातून सुटलेला असायचा. धावून येणारा पोचेपर्यंत हात रिकामे! पुढे १९७९ पासून सॅन फ्रान्सिस्कोत याच पद्धतीवर वॉल्शने तीन सुपर बोल जिंकले. त्यांतले दोन सिनसिनाटीलाच हरवून, हा नियतीचा खोडसाळपणा.

त्यात १९७८ साली नियमही बदलले. पाच यार्डांपलीकडे झेलणाऱ्याला धक्के द्यायला बंदी झाली, आणि बचावाची भिंत करणाऱ्यांना हात पसरून, पंजे उघडे ठेवून अडवायला परवानगी मिळाली. फेकणं सोपं झालं आणि धावून जाणं कठीण. बचाव करणाऱ्यांनी आता करायचं काय?

एक उत्तर होतं, आणखी जोर. हे उत्तर बडी रायनचं. रायन आधी न्यूयॉर्क जेट्स संघात सहायक होता. जो नेमथ या त्यांच्या महागड्या क्वार्टरबॅकला वाचवण्यासाठी तो संघ किती धडपडतो, हे त्याने जवळून पाहिलं होतं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, की ज्याला ते एवढं जपतात त्यालाच धरा. पुढे शिकागो बेअर्समध्ये त्याने ‘४६’ नावाची रचना केली. हा आकडा म्हणजे डग प्लँक नावाच्या सेफ्टीच्या जर्सीचा क्रमांक. या रचनेत सेंटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गडी, या तिघांच्या नाकासमोर एकेक भारी माणूस उभा केला, म्हणजे कुणालाच शेजाऱ्याच्या मदतीला जाता येईना. शिवाय आठ-आठ जण पुढच्या रेषेजवळ. येणार किती, हे कळायच्या आत पाचजणी भिंत कोसळलेली असे.

१९८५चा हंगाम बघा. नियमित हंगामात शिकागोने १५ सामने जिंकले, १ हरला. बाद फेरीत जायंट्सना २१–० आणि लॉस एंजेलिस रॅम्सना २४–० असं धुतलं. २६ जानेवारी १९८६ला सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंडला ४६–१० असं हरवलं. त्या सामन्यात न्यू इंग्लंडला चेंडू घेऊन पळण्याच्या सगळ्या प्रयत्नांतून मिळून मिळाले फक्त ७ यार्ड.

पण इतिहासाचं शिक्षण त्या एका पराभवात आहे. २ डिसेंबर १९८५, मायामी. तोपर्यंत शिकागो १२ पैकी १२ जिंकून आलेला. मायामीचा क्वार्टरबॅक डॅन मरिनो, चेंडू हातातून सोडण्यात त्या काळात त्याच्याइतका चपळ दुसरा नसेल. प्रशिक्षक डॉन शूला यांनी झेलणारे पसरवले, आणि नॅट मूर या चपळ, अनुभवी खेळाडूला अशा जागी उभं केलं की त्याच्यामागे शिकागोच्या लाइनबॅकरला पळावं लागलं. पुढे आठ जण गर्दी करून उभे, म्हणजे मागे मैदान मोकळं. मायामी ३८–२४ने जिंकला. जोराला एक मर्यादा आहे. तो स्वतःची जाहिरात करतो. आठ माणसं कुठे आहेत हे दिसलं, की ती कुठे नाहीत हेही दिसतं.

आता दुसरं उत्तर. आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा इथे आहे.

याचं बीज मायामीतच पडलं होतं, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे बिल आर्न्सपार्गर बचावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी बॉब मॅथेसन नावाच्या लाइनबॅकरला असं उभं केलं की तो धावेल की मागे जाईल, हे समोरच्याला कळू नये. जर्सीचा क्रमांक ५३, म्हणून रचनेचं नाव ‘५३’. १९७२ साली तो संघ सुपर बोलसकट १७ सामने खेळला आणि एकही हरला नाही. असा हंगाम त्यानंतर कुणालाही जमलेला नाही. मात्र आर्न्सपार्गरांची ही युक्ती एका माणसापुरती होती. तिचं शास्त्र व्हायचं बाकी होतं.

ते केलं डिक लेबो यांनी. लेबो डेट्रॉइट लायन्सकडून १९५९ ते १९७२ खेळले, ६२ वेळा प्रतिस्पर्ध्याचे पास मध्येच पकडले. म्हणजे पास कुठे पडणार हे ओळखण्यातच त्यांचं तारुण्य गेलं. १९८४ साली ते बेंगल्समध्ये बचावाचे मुख्य प्रशिक्षक झाले. गाव कुठलं? सिनसिनाटी. झटपट पासांची ती पद्धत जिथे जन्मली, तिचा उतारा तिथेच तयार झाला. असं सांगतात, की लेबो त्या सुमारास लुइझियाना विद्यापीठात आर्न्सपार्गरांना भेटायला गेले होते, आणि आर्न्सपार्गरांच्या तोंडून त्यांनी ‘सुरक्षित दडपण’ या अर्थाचा शब्द ऐकला. तो त्यांच्या मनात बसला. दडपण तर आणायचं, पण मागचं घर उघडं टाकायचं नाही. उधारीशिवाय ब्लिट्झ! हे शक्य आहे का?

लेबोंनी ते असं शक्य केलं. समजा, उजवीकडून एक लाइनबॅकर आणि एक सेफ्टी धावले. नेहमीच्या हिशोबाने सहा जण आले असं वाटतं. पण त्याच क्षणी पुढच्या फळीतला एक भारी गडी, ज्याचं जन्मभराचं काम पुढे घुसणं, तो उलटा मागे सरकतो आणि लाइनबॅकरने सोडलेल्या जागेत जाऊन उभा राहतो. एकूण धावले पाचच. मागे सहा जण, तीन लांब आणि तीन जवळ, आपापला इलाखा राखून. म्हणून याला ‘झोन ब्लिट्झ’ म्हणतात.

आता क्वार्टरबॅकच्या डोळ्यांनी बघा. त्याला लाइनबॅकर धावलेला दिसला. हे खरंच घडलंय, भास नाही. त्याने शिकलेल्या धड्याप्रमाणे चेंडू रिकाम्या जागेत टाकला. आणि तिथे एकशे पंचवीस किलोचा माणूस हात वर करून उभा! भिंतीतल्या पाच जणांचीही तीच गत. दोघे-तिघे अशा माणसाची वाट बघत बसलेत जो आलाच नाही, आणि दुसऱ्या टोकाला दोन जण आले तिथे अडवायला एकच.

इथे आमचं न्यायशास्त्र कामाला येतं. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे, असं आपण अनुमान करतो. हे कशाच्या बळावर? तर जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, या नियमाच्या बळावर. त्याला व्याप्ती म्हणतात. आता हे अनुमान दोन प्रकारे फसू शकतं. एक, जो धूर वाटला तो धूर नव्हताच, धुळीचा लोट होता. म्हणजे खूणच खोटी. दोन, खूण खरी, पण व्याप्तीच टिकत नाही. पहिला असिद्ध हेतू, दुसरा सव्यभिचार.

लाइनबॅकरने येण्याचा आव आणून मागे फिरणं, हा पहिला प्रकार. धूळ उडवली. यावर उपाय आहे, जरा नीट बघा. लेबोंचा मार्ग दुसरा. त्यांचा लाइनबॅकर खरोखर येतो, खूण शंभर टक्के खरी. पण ‘जो आला त्याची जागा रिकामी’ ही व्याप्तीच त्यांनी मोडून टाकली. यावर नीट बघणं हा उपाय नाही. जितकं नीट बघाल तितक्या खात्रीने चुकाल. ज्याचा अभ्यास पक्का, तोच आधी फसणार. क्रिकेटमधली गुगली आठवा. नवख्या फलंदाजाला हात वाचताच येत नाही, त्याला लेगब्रेक काय आणि गुगली काय, सारखंच. हात वाचायला शिकलेला फलंदाज मात्र गुगलीवर हमखास चकतो.

आणि याचा खरा परिणाम एका चुकीच्या पासात नाही. एकदा फसलेला क्वार्टरबॅक पुढच्या खेपेला थांबतो. जागा खरंच रिकामी आहे ना, याची खातरजमा करायला अर्धा सेकंद घेतो. झटपट पासांची सगळी इमारत उभी होती ती न थांबण्यावर. बचाव करणाऱ्यांना तेवढा अर्धा सेकंदच हवा असतो. शंका पेरली, की काम झालं.

फुकट मात्र काहीच नसतं. भारी गडी मागे पळताना फार तर जागा अडवतो, चपळ झेलणाऱ्यामागे धावणं त्याच्याच्याने होत नाही. शिवाय अकराच्या अकरांना प्रत्येकाचं काम पाठ हवं. एकाने घोळ घातला की फसवणारे स्वतःच फसतात. दुसऱ्याला गोंधळात टाकायचं तर आपल्यात आधी काटेकोर एकवाक्यता लागते.

१९९२ पासून ही विद्या पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये फुलली. डॉम केपर्स बचावाचे प्रमुख आणि लेबो त्यांच्यासोबत, पुढे स्वतः प्रमुख. शहराचं नावच लोकांनी ‘ब्लिट्झबर्ग’ केलं. मधे लेबो दुसरीकडे गेले, २००४ साली परत आले. आणि मग १ फेब्रुवारी २००९चा तो प्रसंग.

सुपर बोल. समोर ॲरिझोना कार्डिनल्स. मध्यंतराला १८ सेकंद उरलेले. पिट्सबर्ग १०–७ असा पुढे, पण चेंडू ॲरिझोनाकडे आणि रेषा एक यार्डावर. ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, मोठा अनुभवी, झटपट पासांचा उस्ताद. पिट्सबर्गने ब्लिट्झ पुकारला. जेम्स हॅरिसन या लाइनबॅकरने धावून जायचं होतं. स्नॅप झाला, तो पुढे निघाल्यासारखा झाला, आणि धावलाच नाही. दबकत मागे-आत सरकला. वॉर्नरने ओळखीच्या जागी, अँक्वान बोल्डिनसाठी, चेंडू सोडला. तो हॅरिसनच्या हातात पडला, आणि हा भला मोठा माणूस मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पूर्ण १०० यार्ड धावत गेला. १७–७. शेवटी पिट्सबर्ग २७–२३ असा जिंकला. तुम्हीच सांगा, ती एक खेळी नसती तर?

लक्षात घ्या, हॅरिसनला धाडायचं ठरलं होतं. ऐनवेळी मागे राहण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा. म्हणजे लेबोंच्या पद्धतीतली ही सर्वांत गाजलेली खेळी लेबोंनी पुकारलेलीच नव्हती. पण ती त्यांच्या शिकवणीबाहेरची होती असंही म्हणवत नाही. ‘समोरचा आत्ता काय गृहीत धरतोय?’ हा प्रश्न विचारण्याची सवय त्या संघाला लागली होती. चांगल्या शिक्षकाच्या विद्यार्थ्याकडून हीच अपेक्षा असते, उत्तर पाठ नसलं तरी चालेल, प्रश्न अंगात मुरलेला हवा.

आज ही पद्धत आणखी पुढे गेली आहे. आता संघ सहा-सात जणांना रेषेवर उभं करून शेवटी चारच धाडतात, फक्त ते चार कोण हे कळू देत नाहीत. म्हणजे संख्येच्या अर्थाने तो ब्लिट्झ उरलाच नाही. आक्रमक संघही स्वस्थ नाहीत. ते स्नॅपच्या आधी आपला खेळाडू आडवा पळवतात आणि बचावाची रचना कशी हलते ते चाचपतात. पेटन मॅनिंगसारखे क्वार्टरबॅक तर रेषेवर उभे राहून, ओरडून, बोटं दाखवून सगळी योजना बदलत. स्नॅपआधीचे ते काही सेकंद म्हणजे दोन पक्षांचा वादविवादच.

या ओरडण्यावरूनच आता नीतीचा प्रश्न. हे सगळं फसवणं योग्य आहे का? खोटं बोलणं आणि हे, यात फरक काय?

खेळाच्या नियमांत याचं एक सुंदर उत्तर दडलेलं आहे. स्नॅपआधी बचाव करणारे हवे तसे हलू शकतात. येण्याचा आव आणू शकतात, मागे जाऊ शकतात, आपापसांत ओरडून सूचना देऊ शकतात. पण क्वार्टरबॅकच्या आवाजाची, त्याच्या पुकाऱ्याची नक्कल करून समोरच्यांना गडबडवलं, तर तो गुन्हा आहे. पंच खेळ थांबवतात, दंड होतो. का बरं? दोन्हींत फसवणूकच आहे ना?

आमच्या परिभाषेत सांगायचं तर अनुमान आणि शब्द ही दोन वेगळी प्रमाणं आहेत. मी कुठे उभा आहे यावरून तुम्ही काय अनुमान काढता, ती जबाबदारी तुमची. मी तुम्हाला काही वचन दिलेलं नाही. पण तुमच्या माणसाचा शब्द, ज्यावर तुम्ही न तपासता विश्वास ठेवता, ज्यावाचून तुमचे अकरा जण एकत्र काही करूच शकत नाहीत, तोच मी खोटा पाडला, तर मी खेळ खेळत नाही, खेळाचा पाया उखडतो. अनुमान चुकवणं ही चाल आहे. आप्तवाक्य नकली करणं हा गुन्हा आहे. आज तुमच्या-आमच्या फोनवर नातेवाइकाच्या आवाजात पैसे मागणारे बनावट निरोप येतात. त्यांना आपण नुसती चलाखी म्हणत नाही, याचं कारणही हेच.

पण एवढ्यावर थांबलो तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण या खेळात अनुमान चुकलं की किंमत बुद्धी भरत नाही, शरीर भरतं. १८ नोव्हेंबर १९८५, वॉशिंग्टन. त्या खेळीत आधी फसवायला निघाला तो आक्रमक संघच. क्वार्टरबॅक जो थाइझमनने चेंडू पळणाऱ्याला दिला, आणि पळणाऱ्याने तो परत मागे त्याच्याकडे टोलवला. समोरचे जायंट्स फसले नाहीत, ते धावून आले. लॉरेन्स टेलरच्या अंगाखाली थाइझमनचा उजवा पाय मोडला. मदतीसाठी हात हलवून, जिवाच्या आकांताने बोलावणारा पहिला माणूस टेलरच होता. थाइझमन पुन्हा कधी खेळला नाही.

ही दिसणारी इजा. न दिसणारी त्याहून वाईट. पिट्सबर्गचाच सेंटर माइक वेब्स्टर २००२ साली पन्नासाव्या वर्षी वारला. त्याच्या मेंदूची तपासणी डॉ. बेनेट ओमालू यांनी केली. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या धक्क्यांनी झालेली हानी त्यांना दिसली, आणि २००५ साली तो शोधनिबंध छापून आला. भिंतीतला माणूस प्रत्येक खेळीत टक्कर घेतो, ब्लिट्झ असो वा नसो.

मग आपण काय म्हणायचं? लेबोंची पद्धत आठ जणांच्या झुंडीऐवजी पाच जणांत काम भागवते, म्हणजे जोर कमी करते. पण न दिसलेल्या माणसाचा धक्का दिसलेल्या माणसाच्या धक्क्याहून घातक असतो, आणि ही सगळी विद्या दिसू नये यासाठीच आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. खेळाडू संमतीने उतरतो हे मान्य. पण आपण कशाला संमती देतोय हे वेब्स्टरच्या पिढीला माहीत होतं का? फसवायचा हक्क नियमांनी दिलाय तो प्रतिस्पर्ध्याला. खेळ चालवणाऱ्यांना नाही. मैदानावर चाल लपवावी. खेळाची जोखीम लपवणं हे मात्र त्या नकली आवाजाच्या जातीचं आहे.

तर मंडळी, थोडक्यात सांगतो आणि थांबतो. ब्लिट्झ सुरू झाला अनपेक्षित माणसापासून, वाढला जोरावर, आणि परिपक्व झाला तो जोर सोडून. विल्सनने दाखवलं की कुणीही येऊ शकतो. रायनने दाखवलं की सगळे येऊ शकतात. लेबोंनी दाखवलं की येणाऱ्याला बघून न येणाऱ्याबद्दल काहीच सांगता येत नाही. आपल्या रोजच्या जगण्यातही आपण खुणांवरून धडाधड निष्कर्ष काढत असतो, त्यावाचून चालतही नाही. फक्त जी व्याप्ती आपण गृहीत धरतोय ती आजही टिकून आहे का, हे अधूनमधून तपासावं. क्वार्टरबॅकला त्यासाठी अर्धा सेकंद मिळतो. आपल्याला त्याहून बराच जास्त वेळ असतो, आपण तो घेत नाही एवढंच.

पुढच्या खेपेला नातवंडांबरोबर सामना बघायला बसलात, तर चेंडूकडे बघू नका. स्नॅपच्या आधी बचावाच्या अकरा जणांकडे बघा, आणि मनाशी ठरवा, यांतले कोण येणार. दहांपैकी सहा वेळा चुकाल. मजा त्यातच आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.